कारकून आता काउंटरबाहेर

यंत्र आलं की कारकून गेला, हे भाकीत आपण पन्नास वर्षं ऐकतोय. संगणक नोकऱ्या खाईल या धास्तीने केंद्र सरकारने पुण्याच्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ चा. तेव्हापासून कारकून जातोच आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या किंवा मुरबाडच्या तहसील कचेरीबाहेर अर्धा तास उभे राहा आणि सांगा, गेला का?

गेला नाही. वाढला.

पूर्वी तो फक्त खिडकीच्या आत बसायचा. आता तो झेरॉक्सच्या दुकानात आहे, सेवा केंद्रात आहे, अंगणवाडीत आहे, आणि मोबाइल धरून बांधावर उभा आहे तोही तोच. फरक इतकाच की पूर्ण पगार अजून फक्त खिडकीच्या आतल्याला मिळतो.

सातबाऱ्यापासून सुरुवात करू. गावात दुसरं असतं काय सुरुवात करायला? १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला. पंधरा रुपये भरा, घरबसल्या उतारा काढा. २०२५ च्या डिसेंबरात महसूल खात्याने स्पष्टच केलं की या उताऱ्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागणार नाही, तो सगळीकडे ग्राह्य. चांगलं झालं. सदर तिरकस असलं म्हणून चांगल्याला चांगलं म्हणायला बंदी नाही.

फक्त तो उतारा घेऊन कर्जाच्या टेबलापाशी जा आणि समोरचा पहिला प्रश्न ऐका. ‘शिक्का कुठंय?’

बरं, उतारा पंधरा रुपयांत मिळाला; पण त्यातलं नाव तुमचंच आहे ना? हाताने लिहिलेली दप्तरं संगणकात भरताना गणपतचा गनपत झाला, कुणाची बहीण गळाली, कुणाच्या आरचं टिंब सरकून जमीन दसपट झाली किंवा दशांशावर आली. जमीन वाढलेला गप्प बसला. घटलेला अजून फिरतोय.

त्याच्यासाठी जमीन महसूल अधिनियमात कलम १५५ आहे: लेखनप्रमादाची दुरुस्ती. म्हणजे अर्ज, अहवाल, तहसीलदाराचा आदेश, फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. कायदा १९६६ चा. तेव्हा चुका हाताने व्हायच्या, म्हणून एकेक व्हायच्या. यंत्राचा वेग वेगळा. खेटे मात्र खातेदारानेच घालायचे, आणि तेही जुन्याच वेगाने.

निदान तलाठ्याचं काम तरी हलकं झालं असेल?

विचारा त्यालाच. सजा एक, अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याचा, लॅपटॉप म्हातारा, प्रिंटर आजारी. अधूनमधून राज्यभरचे तलाठी डीएससी तहसीलदारांकडे जमा करून आंदोलन करतात. डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हएवढं टोकन. पूर्वी कर्मचारी लेखणी खाली ठेवायचे, आता सहीच परत करतात. मागणी काय? नवा लॅपटॉप. सरकार डिजिटल आणि सरकारचा माणूस लॅपटॉपसाठी आंदोलनात, हे दृश्य जगाला दाखवण्यासारखं आहे.

शिवाय तलाठ्याला एकट्याने हे सगळं झेपत नाही, म्हणून तो आपला एक माणूस ठेवतो. त्याला गावाने नाव दिलंय: झिरो तलाठी. नेमणूक नाही, हजेरी नाही, पगारपत्रकात नाव नाही. पण कुठला गट कुणाच्या वादात आहे हे त्याला तोंडपाठ. यंत्राने मधला माणूस काढून टाकायचा होता. यंत्र चालवायला तोच बसला.

झिरो तलाठी ठेवू नका, असे आदेश निघतात. ते टाइप कोण करतं, विचारू नका.

सरकारने मात्र बदल केलाच. २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदललं. लॅपटॉप तोच.

आता ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर. घोषणा झकास: माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा. ऐकायला स्वातंत्र्य, करायला कारकुनी. गाव नमुना बारा भरणं हे तलाठ्याचं काम. तो बांधावर न जाता चावडीत बसून पीकपाणी लिहितो, ही तक्रार जुनी आणि खरी. मग सरकारने तलाठ्याला बांधावर धाडलं का?

नाही. शेतकऱ्यालाच तलाठी केलं. बिनपगारी.

टोकावड्याच्या पलीकडे, माळशेजच्या पायथ्याला, श्रावणाच्या धारेत भाताच्या खाचरात उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. खांद्यावर छत्रीची दांडी, हातात मोबाइल, स्क्रीनवर पावसाचे थेंब. बोट टेकवावं भातावर तर उघडतं सोयाबीन. कसंबसं भात निवडलं तर ॲप म्हणतं, तुम्ही गटापासून लांब आहात. लांब? तो पोटरीभर चिखलात आहे, आणि चिखल त्याच्याच मालकीचा आहे! पण नकाशा म्हणतो लांब, म्हणजे लांब. मग तो उपग्रहाच्या समाधानासाठी शेजाऱ्याच्या खाचरात जाऊन उभा राहतो, आणि शेजारी विचारतो, ‘काय रे भाऊ, बांध कोरायला आलास काय?’

मुदत संपते. मुदत वाढते. राहिलेल्या गटांसाठी गावोगाव सहायक नेमतात, त्यांना गटामागे काही रुपये. आता साखळी बघा. तलाठ्याचं काम शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याचं सहायकाकडे. आणि नोंदींची नमुना तपासणी कुणाकडे?

तलाठ्याकडे.

तरीही सगळ्यांना तलाठीच व्हायचंय. २०२३ च्या भरतीत जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या वर्गाला शुल्क एक हजार रुपये, आरक्षितांना नऊशे. परीक्षा संगणकावर, कित्येक सत्रांत. मग सोपं सत्र, अवघड सत्र सारखं करायला गुणांचं सामान्यीकरण. निकाल लागला तर २०० पैकी २१४! गणिती स्पष्टीकरण होतं, नव्हतं असं नाही. पण मुरबाडच्या अभ्यासिकेत दोन वर्षं काढलेल्या पोराला ते सांगायला कोण गेलं? हाताने पेपर तपासणाऱ्या मास्तरला उभ्या जन्मात जमलं नसतं ते यंत्राने करून दाखवलं.

ही पोरं आजही टायपिंगच्या क्लासला जातात. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्द मिनिटाला. गोदरेजने टाइपरायटर बनवणं थांबवूनही दीड दशक उलटलं. खटखट गेली, की-बोर्ड आला, अट राहिली. बोलून टाइप होतं हे त्या पोराच्या स्वस्तातल्या फोनलाही ठाऊक आहे. भरतीच्या नियमांना कळवायचं राहिलंय.

आणि नोकरी लागेलच असं कुणी सांगितलं? सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा निर्णय काढला. ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला. निर्णय मागे गेला. कंत्राटी माणसं टेबलावरच आहेत.

रोजगार हमीकडे वळू. ही तर महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी. हजेरीपटावर खोटी नावं लागतात म्हणून केंद्राने ॲप आणलं. कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोन फोटो, तेही ठिकाणासकट. १ जानेवारी २०२३ पासून सगळीकडे सक्ती. आता खोटं कोण आणि कसं बोलणार?

सोपं आहे. फोटोचा फोटो काढून.

हे मी म्हणत नाही. खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने जुलै २०२५ च्या परिपत्रकात लिहिलंय. भलतेच फोटो, फोटोचे फोटो, एकच फोटो अनेक हजेरीपटांना. उपाय काय सुचवला? ग्रामपंचायतीने प्रत्येक फोटो माणसाकडून तपासून घ्यावा. म्हणजे हजेरी मांडणारा कारकून वाचवला आणि फोटो बघणारा कारकून जन्माला घातला. मधल्या काळात शहापूरच्या पाड्यावरची कातकरी बाई दुपारी काम संपवून घरी जायची ती दुसऱ्या फोटोसाठी थांबली. हल्ली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर थेट वीटभट्टीची वाट धरतात. तिथे उचल देताना कुणी ॲप उघडत नाही.

रेशनचं तर बोलायलाच नको. उभा जन्म लावणीत आणि मातीत घातलेली बोटं. त्यावर रेषा शोधतंय पॉस मशीन. ‘आजी, अंगठा लागत नाही, हात पुसा.’ आजी पदराला हात पुसते. पुन्हा लागत नाही. आजी खरी, कार्ड खरं, तांदूळ समोर पोत्यात. खोटा ठरला तो अंगठा.

अंगणवाडीच्या ताईंकडे पूर्वी अकरा-बारा रजिस्टरं होती. ॲप आलं, रजिस्टरं जाणार म्हणाले. ॲपची भाषा इंग्रजी, सरकारी फोन दोन जीबीचा. २०२१ च्या ऑगस्टात राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. नंतर नवे फोन आले, ॲपंही वाढली, आता आहार देताना चेहराही जुळवायचा. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि अर्जामागे पन्नास रुपयांच्या बोलीवर फॉर्मही ताईच भरत बसल्या. पोरांना गाणी कधी शिकवायची? तेवढी एक नोंद कुठल्या ॲपमध्ये नाही. म्हणून कुणी विचारतही नाही.

यंत्र आणलं की काम झालं, या श्रद्धेचं तीर्थक्षेत्र आपल्याच तालुक्यात आहे. मुरबाडमधलं धसई. नोटाबंदीनंतर साधारण तीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ ला, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून ते जाहीर झालं. अर्थमंत्री आले, कॅमेरे आले, वडापाववाल्याकडे स्वाइप मशीन आलं. देशभर फोटो छापले. पुढे काय झालं? रेंज गेली, रोल संपले, बँकेचे चार्जेस दिसायला लागले. गल्ला पुन्हा उघडला.

गंमत म्हणजे पुढे क्यूआर कोडचे स्टिकर आले ते कुणी मंत्री न येता आले, आणि आता भाजीवालीकडेही आहेत. तिला त्यात सोय दिसली, तिने लावला. कुणी फीत कापली नाही, म्हणून चाललं असावं.

एसटीचंही तसंच. शहापूर आगार घ्या नाहीतर मुरबाड. कंडक्टरच्या काखेतला तिकिटांचा ट्रे जाऊन मशीन आलं, आता त्यावर मोबाइलने पैसेही देता येतात. दिवसाचा हिशेब झटपट होतो, हे खरं. मशीन मधल्या घाटात बंद पडलं की काय होतं, हे रोजच्या प्रवाशाला माहीत आहे. आणि सुट्ट्या पैशांचं भांडण? ते कुठल्याच कंपनीला यंत्रात भरता आलेलं नाही.

शहापूरच्या टँकरला तर जीपीएस आहे. भातसा, तानसा, वैतरणा उशाला, पाणी मुंबईला आणि एप्रिल उजाडला की पाड्यांवर टँकर. फेऱ्या खोट्या लागू नयेत म्हणून जीपीएस. चोख व्यवस्था. टँकर नेमका कुठल्या पाड्यावर पोचला नाही, हे आता पंचायत समितीत बसल्याबसल्या कळतं.

या सगळ्याची गाठ एकाच ठिकाणी पडते. सेवा केंद्राच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत. लाडक्या बहिणीची केवायसी घ्या. मावशी सकाळी पहिल्या गाडीने आल्यात.

‘मावशी, ओटीपी सांगा.’

‘तो पोराच्या मोबाइलवर जातो गं.’

‘मग लावा फोन पोराला.’

‘तो भिवंडीला गोदामात. फोन गेटवर जमा करून घेतात त्यांचा.’

संपलं. मावशी शहापुरात, पोरगा भिवंडीत, ओटीपी गेटवरच्या खोक्यात. पोराच्या हातात त्या वेळी स्कॅनर असतो. कुठल्या रॅकवरून काय उचलायचं ते त्याला स्कॅनर सांगतो आणि किती सेकंद लागले ते मालकाला सांगतो. एकेकाळी त्या गोदामात खतावणी घेऊन बसणारा कारकून होता. आता हमाल आणि कारकून एकाच माणसात बसवलेत, पगार एकाचाच. आणि आई इकडे बाकावर बसून ओटीपीची मुदत संपताना बघतेय.

लोकसेवा हक्क कायदा आहे की हो, २०१५ पासून! वेळेत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड. सर्व्हरला दंड करायची तरतूद शोधून सापडली नाही. ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर ज्याने पहिल्यांदा दिलं त्याचा कचेरीत फोटो लावायला हवा. पूर्वी ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हटलं की निदान साहेब परत यायचे.

आता त्या खोलीत संगणकासमोर बसलेल्या पोरीकडे बघा. ग्रामपंचायतीची संगणक परिचालक. २०११ च्या संग्राम प्रकल्पापासून ही जमात आहे; २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्राच्या नावाने. जन्म-मृत्यूचे दाखले, घरपट्टी, ग्रामपंचायतीचे ३३ नमुने, शिवाय वरून येईल ती प्रत्येक माहिती ‘आजच्या आज’. ग्रामपंचायतीच्या निधीतून महिन्याला प्रत्येक केंद्रामागे १२,३३१ रुपये जायचे. तिच्या हातात? वर्षानुवर्षं सहा-सात हजार. बाकीचे व्यवस्थापन, प्रशिक्षण, कागद, शाई. तिचे पैसेही कधी तीन महिन्यांनी, कधी सहा. आझाद मैदान झालं, नागपूरचं अधिवेशन झालं, तेव्हा मानधन वाढून दहा हजारांच्या घरात गेलं.

कर्मचाऱ्याचा दर्जा? ते बघू म्हणालेत.

दांडेकर समितीच्या काळातली भीती होती, संगणक माणसाला कामावरून काढेल. आपल्याकडे त्याने फारसं कुणाला काढलं नाही. निवृत्त झालेल्याची जागा तेवढी भरली नाही. राज्य सरकारची दोन लाखांहून जास्त पदं अशी रिकामी आहेत. आणि त्या खुर्चीवरचं काम? ते कुठे जातंय! ते काउंटर ओलांडून बाहेर आलं आणि मावशीच्या, शेतकऱ्याच्या, सेविकेच्या, परिचालकाच्या डोक्यावर बसलं. याला कार्यक्षमता म्हणायचं असेल तर म्हणा. मंत्रालयात बसून आकडे बघितले तर तसंच दिसतं.

आता एआय येणार म्हणतात. येणार कसलं, आलंय. कचेऱ्यांत टिपण्या चॅटजीपीटीकडून लिहून घेणं सुरू झालंय. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर’ पर्यंत सगळं त्याला येतं. इतकं अस्सल सरकारी मराठी लिहितं की अर्जदाराला एक ओळ कळत नाही. पन्नास वर्षांच्या कारकुनाची बढती त्याला एका वर्षात मिळायला हरकत नाही. निदान त्याला मानधन थकल्याची तक्रार करता येत नाही, म्हणून ते लाडकं ठरणार हे नक्की.

पुढच्या ग्रामसभेला जा. सत्कार, हार, मोबाइलमधले फोटो होऊ द्या. मग उठून दोनच प्रश्न विचारा: परिचालकाचं मानधन कुठल्या महिन्यापर्यंतचं झालंय, आणि तिच्याकडे नेमणुकीचा कागद आहे का? उत्तर मिळेल ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. हाताने, निळ्या शाईत, आणि खाली सरपंचांची सही.